गुरुजींचा खुबा आणि टेबलावरचा देव

हाडं झिजायला लागली की किस्से वाढायला लागतात. इकडे हिंदी मुलखात, टोपी बाजारात माझं कुलपांचं दुकान. आता पोरगा बघतो, मी बाहेर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर खेकसतो. संध्याकाळी दोघं येतात. एक आमचे गुरुजी, पूजा सांगणारे. दुसरे मुरार भागातले सुभेदार, फौजेतून रिटायर, पण आवाज अजून ड्यूटीवर! आधी माझा खुबा बदलला, मग गुरुजींचा. तेव्हापासून ओट्यावर दुसरा विषय नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. घडलं तसं लिहितो, शुद्धलेखन तुमचं तुम्ही बघा.

*

माझ्या ऑपरेशनाआधी डॉक्टरनं नवा खुबा हातात देऊन दाखवला. गोळा आणि वाटी. चकचकीत. मी उलटापालटा करून बघितला.

“गंज लागतो का याला?”

“नाही काका.”

“तेल घालावं लागतं?”

“नाही हो.”

“मग घाला आत. आमच्या कुलपांपेक्षा बरं दिसतंय!”

*

मला वाटलं होतं, झोपवतील आणि सगळं उरकून उठवतील. कसलं काय! पाठीत सुई टोचली, कमरेखालचं सगळं मेलं आणि वरचा मी जागाच. समोर हिरवा पडदा. पडद्यापलीकडे ठाक ठाक, ठाक ठाक. भिंत फोडून राहिले आहेत असं वाटलं.

मी ओरडलो, “अरे, ऑपरेशन चाललंय, सुताराला बाहेर काढा!”

पलीकडून डॉक्टर म्हणाला, “काका, सुतार मैं ही हूँ. दो मिनट चुप रहिए.”

*

आता गुरुजी. लंगडत होते, पण कबूल करत नव्हते. पूजेवरून उठताना यजमानाचा खांदा धरायचे आणि वर त्यालाच आशीर्वाद देऊन टाकायचे! शेवटी एका मुंजीत बसले ते उठेनात. चौघांनी पाटासकट उचलले.

आम्ही डॉक्टरकडे नेलं. तो म्हणाला, खुबा बदला, चालायला लागाल. पण मांडी घालायची नाही. उकिडवं बसायचं नाही. जमिनीवर बसणं बंद.

गुरुजी पांढरे पडले. “डॉक्टरसाहेब, माझं पोट मांडीवर चालतं.”

 

*

बाहेर आल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. “दत्तू, खरं सांग. फार दुखतं का रे?”

गुरुजींचं एक आहे, खोटं त्यांना खपत नाही. शिरा करपला असेल तर यजमानीणबाईंना तोंडावर सांगतात.

मी म्हटलं, “अजिबात नाही.”

*

मग मुहूर्त. आमच्या अख्ख्या लश्कर भागाला मुहूर्त काढून देणारा माणूस, स्वतःसाठी सापडेना! या दिवशी भद्रा, त्या दिवशी राहुकाल, पुढच्या आठवड्यात चंद्र वाईट. पंचांगाची पानं सुटायला आली.

सुभेदार गरजले, “गुरुजी, पळपुट्याला मुहूर्त मिळत नसतो! फौजेत गोळी पंचांग बघून येत नाही.”

दुसऱ्याच दिवशी मुहूर्त निघाला.

*

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी फिजिओवाली पोरगी वॉकर घेऊन आली. “दादाजी, खड़े हो जाइए.” गुरुजींना वाटलं थट्टा करते. ती कसली ऐकते! दोन पायांतली उशी काढली, पाय खाली सोडले, उभं केलं.

गुरुजींनी जी किंकाळी मारली, ती खाली चहावाल्यानंही ऐकली असेल. डोळे उघडले तर समोर मी.

“खोटारड्या! जन्मभर सत्यनारायणाची कथा सांगितली, पण तुझ्याएवढा खोटा माणूस पाहिला नाही!”

आणि बोलणं बंद. मी रोज जायचो, ते भिंतीकडे तोंड करायचे. तरी खरं सांगितलं असतं तर ते कॉटवर चढलेच नसते. मला काही पस्तावा-बिस्तावा नाही.

*

घरी आल्यावर सुभेदारांनी ताबा घेतला. पलंगाखाली विटा घालून तो उंच केला. संडासात उंच सीट बसवली. रोज गल्लीत वॉकरवर परेड. “आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला! गुरुजी, नजर सामने!”

एकदा गुरुजींच्या हातून पंचांग पडलं. ते उचलायला वाकणार, तेवढ्यात सुभेदार असे ओरडले की गुरुजी तर थांबलेच, समोरचा रिक्षावालाही ब्रेक मारून थांबला. कंबर मोडून वाकायचं नसतं ना!

पंचांग मी उचलून दिलं. गुरुजींनी घेतलं, पण बोलले सुभेदारांशीच. “त्याला म्हणावं, धूळ झटक.”

*

पाय सुधारला, पण पूजेसाठी कोणाचा फोन येईना. कारण हरिशंकरपुरमच्या अक्का. त्यांच्याकडे दर पौर्णिमेला सत्यनारायण, आणि अक्का करतील तेच बाकीची मराठी घरं करतात. त्या गुरुजींना बघायला आल्या, पण बसल्या नाहीत. दाराची चौकट धरून उभ्या.

“गुरुजी, तुम्ही खुर्चीवर आणि देव खाली? आमच्या घरी नाही व्हायचं.”

गेल्या. मी म्हटलं, केवढा तोरा! बसायलासुद्धा तयार नाही!

त्या दिवशी गुरुजींनी पूजेची पिशवी खुंटीवरून काढून कपाटात ठेवली.

*

घरी येऊन मी चिडचिड करत होतो. बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “अहो, गुरुजी खाली येऊ शकत नाहीत, तर देवाला वर घ्या की. एवढं मोठं जेवणाचं टेबल कशाला आहे?”

पौर्णिमेला आमच्याकडे पूजा ठरली. टेबल धुतलं, वर सोवळ्याचं वस्त्र, त्यावर चौरंग, चौरंगावर देव. केळीचे खांब आखूड पडले, सुभेदारांनी ते स्टुलांना बांधले. गुरुजी खुर्चीवर, मी खुर्चीवर. बायको म्हणाली, “मग मी एकटीच काय खाली बसू?” तीही खुर्चीवर. देव सगळ्यांच्या डोक्यावर!

पहिला मंत्र म्हणताना गुरुजींचा आवाज कापला. दुसऱ्यापासून असा लागला की शेजारचे लोक गॅलरीत आले.

कथा संपत आली आणि दारात अक्का. सुनेच्या खांद्यावर हात. सत्यनारायणाचा प्रसाद टाळत नाहीत ना! देवाकडे बघितलं, गुरुजींच्या डोक्याकडे बघितलं, पुन्हा देवाकडे.  बायकोनं खाली सतरंजीवर जागा केली.

अक्का म्हणाल्या, “मलाही खुर्ची द्या.”

बसताना त्यांनी ओठ असा चावला की आम्हा दोघा खुबेवाल्यांना काही विचारायची गरज राहिली नाही.

आरती झाली. तीर्थ घ्यायला त्यांनी हात पुढे केला आणि हळूच म्हणाल्या, “गुरुजी, देवासमोर आहात, खरं सांगा. ऑपरेशनला फार दुखतं का हो?”

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

“अजिबात नाही,” गुरुजी म्हणाले, आणि अक्कांच्या हातावर तीर्थाची पळी रिकामी केली.