फळ्यावरच्या दोन चुका

रंभाजी गुरुजींनी भागिरथीला पहिल्यांदा नीट पाहिलं ते १९७२ साली, राहात्याजवळच्या त्यांच्याच शाळेत, वर्गात मागच्या बाकावर बसून. ही नवी शिक्षिका तपासणीच्या दिवशी आठवीला अणू शिकवत होती आणि तिची नोकरी कायम होणं त्या एका पाठावर अवलंबून होतं.

तिनं फळ्यावर भरीव गोळा काढला. "आधी शास्त्रज्ञांना अणू असा वाटायचा. न फुटणारा." मग तो पुसून ठिपक्यांचा गोळा काढला.

"बाई, ह्यो तर तिळाचा लाडू हाय!" मागून कुणी ओरडलं.

"व्हय, आणि तोही चुकला." हसत तिनं लाडू पुसला; मधोमध केंद्र आणि भोवती इलेक्ट्रॉन काढले. एरवी पेंगणारी पोरं पुढं सरकून बसली होती.

तपासणीला आलेले साहेब उठले. "फळ्यावर चुकीचं काही काढायचं नसतं, एवढंही ठाऊक नाही? तीन आकृत्या, त्यातल्या दोन चुकीच्या!"

"साहेब, त्या चुका मोठ्या शास्त्रज्ञांच्या आहेत. त्या कशा सुधारल्या, हाच तर धडा आहे."

"उलट उत्तर देता?" साहेबांनी 'अयोग्य' असा शेरा लिहिला.

गुरुजींचं डोकं भडकलं. तीस वर्षं त्यांनी पोरांकडून अणूची एकच व्याख्या घोकून घेतली होती आणि दरवर्षी 'उत्तम' शेरा मिळवला होता.

"ही अयोग्य, तर मग माझे सगळे 'उत्तम' शेरे खोडा, साहेब!"

साहेबांनी चहा मागवला.

जूनमध्ये तिच्या जागी दुसरे शिक्षक आले. भागिरथी संगमनेरजवळच्या एका दूध केंद्रावर दुधाची फॅट तपासू लागली.