मेंढरं जाईपर्यंत

चिप कारखान्यात बनण्याआधी तिचा आराखडा बरोबर चालतो का, हे तपासणं आम्हा दोघांचंही काम. मी ते शेंद्र्याला घरी बसून करते. तो सातासमुद्रापार, दुसऱ्या कंपनीत. एरवी एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या या कंपन्या दर गुरुवारी संध्याकाळी कॉलवर जमतात आणि तपासणीचे, सगळ्यांना खुले असतील असे नियम लिहितात. आपापल्या कंपनीचं काही बोलायचं नाही, हे सुरुवातीलाच बजावलं जातं. त्यामुळे आमची ओळख नियमांपुरतीच. प्रत्येक वाक्यावर तो अडून बसायचा, "तिऱ्हाइताला हे कळेल का?" मला वैताग यायचा.

एकदा कॉल संपता संपता खिडकीखालून मेंढरं चालली होती, मागून धनगराची हाळी. मी घाईनं माईक बंद करायला गेले, तर तो इंग्रजी सोडून म्हणाला, "राहू द्या ताई. आमच्या पिशोरला अशीच हाळी देतात. लई दिसांनी ऐकली."

मग दर गुरुवारी बाकीचे गेले की तो विचारायचा, "आली का?" कळप पुढं जाईपर्यंत आम्ही दोघं ऐकत बसायचो.

पुढे त्याची कंपनी गटातून बाहेर पडली. नियम प्रसिद्ध झाले. त्यात कुणाचंच नाव नसतं, पण त्याची वाक्यं मला ओळखू येतात. कुणाही तिऱ्हाइताला कळतील अशी.

अजूनही गुरुवारी कॉल संपतो, सगळे निघून जातात. मेंढरं जाईपर्यंत मी माईक चालू ठेवते.