रिकामी जागा

शेजारी कुणी सुके बोंबील भाजले, की अंधेरीतली ती वॉर्डाची सभा आठवते. ऐंशीच्या दशकात मी पालिकेत सर्व्हेअर होतो. खाडीकाठच्या रिकाम्या जागेवर बाग करायचा ठराव होता. जागेची पाहणी मीच केली होती, भर श्रावणात. सभेत मागून एक म्हातारी कोळीण उठली. "साहेब, तुमचा मानूस पावसान आला. पावसान म्हावरा कोन सुकवतं? बोंबील सुकवायचे बांबू तवा आमी काढून ठेवताव." सभागृह हसलं. अध्यक्षांनी मला विचारलं, "जागा रिकामीच होती ना?" मी म्हणालो, "हो साहेब." खोटं नव्हतं ते. ठराव मंजूर झाला. आता डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. घराजवळ बाग ती एकच. मी रस्त्यावरून चालतो.