भिंतीवरची पट्टी

आमच्या पॅसेजच्या भिंतीवर, छातीच्या उंचीला, एक लाकडी पट्टी होती. जुन्या वायरी तिच्यातून हॉलपासून बाथरूमपर्यंत जायच्या. गेल्या महिन्यात ती काढली. "ताई, जुन्या बोर्डात न्यूट्रलची वायर येत नाही," वायरमन म्हणाला होता. "आपोआप लागणारे दिवे हवेत, तर सगळी वायर नवी ओढावी लागेल, भिंतीच्या आतून." मी लगेच हो म्हटलं. कुठला दिवा कधी लागावा, हे आम्ही खडूने खुणा करून ठरवलं. आई शेजारीच शेंगा सोलत बसली होती. तिला विचारावं असं मला सुचलंसुद्धा नाही.

काल दुपारी ती बाथरूमकडे निघाली. तिची चाहूल लागताच पॅसेजमधला दिवा लागला. मला माझंच केवढं कौतुक वाटलं! मग महिन्यात पहिल्यांदाच मला तिचा हात दिसला. गुळगुळीत भिंतीवर तळवा वर सरकत होता, खाली येत होता, पुन्हा वर.

नजर गेल्यापासून तीन वर्षं ती त्या पट्टीला धरून चालायची. रोज, माझ्या डोळ्यांदेखत. घर डोळ्यांनीच ओळखतात असं मी धरून चालले होते. हातांचंही एक घर असतं, आणि ते मी भंगारात देऊन टाकलं.

"काय शोधतेस, आई?"

"काही नाही गं. भिंत छान झालीय." ती तिथेच थांबली. मग मला बरं वाटावं म्हणून तिने विचारलं, "दिवा लागला ना?"