त्या बाईचं भांडं

माझा धाकटा भाऊ फौजेत आहे. मागं त्याला निळी टोपी घालून आफ्रिकेतल्या एका देशात शांतिसेनेत पाठवलं होतं. वर्ष सरत आलं आणि तिथं नवं सरकार आलं. त्याचं परराष्ट्र धोरण एका ओळीत मावत होतं: परक्या फौजांनी निघून जावं.

टीव्हीवर ही बातमी आली तेव्हा मी सांगलीहून पाटणजवळच्या आमच्या गावी आले होते. मी वकील. आंतरराष्ट्रीय कायदा परीक्षेपुरताच वाचलेला, पण एवढं ठाऊक होतं की शांतिसेना राहते ती त्या देशाच्या संमतीनं. संमती गेली की तंबू उचलायचे. वडील निवृत्त सुभेदार. ते म्हणाले, "घर त्येंचं हाय. जा म्हनलं की जायाचं." बोलणं बिनतोड होतं, आणि त्याचाच मला संताप येत होता. छावणीच्या कुंपणालगत जीव मुठीत धरून आलेल्या बायापोरांची पालं होती, हे भावानं फोनवर सांगितलेलं. त्यांची संमती कुणी विचारली होती?

भाऊ सुखरूप परतला. आईनं त्याची दृष्ट काढली, मग ट्रंक उघडली. कपड्यांत गुंडाळलेलं एक चेपलेलं ॲल्युमिनियमचं भांडं निघालं.

"ह्ये कुनाचं रं?"

पालातल्या एका बाईचं. तिच्या तापानं फणफणलेल्या पोरीला यानं डॉक्टरकडं नेलं, म्हणून तिनं उकडलेली रताळी दिली होती. आमच्याकडं कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मूठभर तांदूळ घालून द्यावं असं याच्या मनात, पण शिधा गाड्यांत चढलेला. उद्या देऊ म्हणेपर्यंत निघायची वेळ आली.

"रिकामं कसं देनार व्हतो, आये? आदल्या दिवशी ती कुंपनापाशी आल्ती. भांडं मागाय न्हाई. तुमी चाललाय का, म्हनून इचाराय."

"मग काय सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगायचा हुकूम नव्हता."

आई उठली. भांडं घासलं, तांदळानं शिगोशीग भरलं, वर गुळाचा खडा ठेवला आणि आमच्यामध्ये आणून ठेवलं. वडील हळूच म्हणाले, "अगं, आता तितं आपल्या मानसांला जाता येत न्हाई. कायदा हाय."

"आवं, कायदा तुमाला हाय," आई म्हणाली, "तिला कंचा हाय?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. घरात वकील मीच होते.