पुण्याहून आणलेल्या गोळ्या

आमचा बॉस इथे जर्मनीत, कोलोनमध्ये फुटबॉल खेळून रिटायर झालेला. दुखणं दाबायची इंजेक्शनं घेऊन घेऊन खेळला आणि गुडघ्याची पार वाट लावून घेतली. चाळिशीत जिना उतरताना कठडा धरायचा. त्याच गुडघ्याने त्याला धंदा दाखवला. गुडघ्याला बांधायचे पट्टे बनवणारी कंपनी त्याने काढली, आणि मी तिथे डिझाइन इंजिनिअर. शनिवारी तो गावोगावच्या क्लबांत जाऊन आईबापांना कळवळून सांगायचा, पोरांना गोळ्या देऊन खेळवू नका. त्याच्या स्लाइड्स मी बनवायचो. प्रोजेक्टरही मीच लावायचो.

आणि घरी? घरी पुण्याहून आणलेली औषधांची पिशवी. इथल्या बहुतेक मराठी घरांत ती असते. इथला डॉक्टर काही झालं तरी चहा प्या, आराम करा म्हणतो, म्हणून आम्ही दर खेपेला वर्षभराचा साठा बॅगेत कोंबून आणतो. जर्मनीने वर्ल्ड कप जिंकल्यानंतरचं ते वर्ष, जो तो फुटबॉलने झपाटलेला. माझी लेक तेरा वर्षांची, क्लबच्या टीममध्ये. तिचा गुडघा दुखायला लागला तेव्हा मोठ्या टीमची निवड चार महिन्यांवर आली होती. मला बाहेर बसवतील म्हणून रडली. मला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, मी पिशवीतली दुखण्यावरची अर्धी गोळी दिली. मग दर मॅचला अख्खी.

बायको म्हणाली, "अरे, तिथे तुम्ही दोघं लोकांना काय सांगता आणि घरी तू काय करतोस?"

"काही होत नाही गं. आपण लहानपणी काय कमी गोळ्या खाल्ल्या?"

स्लाइडवरची पोरं दुसऱ्यांची असतात, असंच मी धरून चाललो होतो. लिहितानाही स्वतःचा संताप येतो.

निवडीच्या मॅचला बॉस मुद्दाम आला होता. दुसऱ्या हाफमध्ये लेक बॉल घेऊन वळली आणि खालीच बसली. ओरडली नाही. बॉस लंगडत लंगडत माझ्याआधी तिच्यापाशी पोचला. त्याच्याच गाडीतून आम्ही तिला हॉस्पिटलात नेलं.

डॉक्टरने विचारलं, कधीपासून दुखतंय?

"आजच," ती म्हणाली.

बॉसने हळू आवाजात विचारलं, "आधी कधीच नाही? खेळण्याआधी कुणी काही दिलं नाही ना?"

तिने नकारार्थी मान हलवली. डॉक्टर तसं लिहून घ्यायला लागला. शेवटी मी कसंबसं मराठीत म्हटलं, "खरं सांग बाळा. त्यांना कळायला हवं." स्वतः सांगायचं सोडून तेही तिच्यावरच ढकललं.

घरात मी मराठीत काहीही विचारलं तरी ही पोरगी जर्मनमध्ये उत्तर द्यायची. त्या दिवशी त्या दोघांना कळू नये म्हणून, माझ्याकडे न बघता, मराठीत म्हणाली, "नको बाबा. तुला कामावरून काढतील."