साळवेबाईंचा राग आणि पावणेदहाची गाडी

श्रीमती एस्तेर साळवे यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लिहावे, असे समितीचे पत्र आले तेव्हा मला आनंद झाला. पत्राच्या शेवटी मात्र एक ओळ होती: 'बाईंच्या शांत व क्षमाशील स्वभावावर प्रकाश टाकावा.' ती वाचून मी पत्र टेबलावर आपटले. साळवेबाई शांत कधीच नव्हत्या. क्षमाशील तर त्याहून नव्हत्या. त्यांच्या रागातून जे उभे राहिले त्याचाच आज आपण गौरव करतो आहोत, आणि तो रागच ग्रंथातून पुसायचा असेल तर माझा लेख छापू नये.

बाईंची आणि माझी पहिली भेटही रागावण्यातच झाली. एकाहत्तर सालच्या जूनमध्ये मी मिरजगावच्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झालो. वय बावीस. पहिल्याच दिवशी पाचवीच्या मुलांकडून वन-टू पासून हंड्रेडपर्यंतचे आकडे तालासुरात म्हणून घेतले आणि स्वतःवरच खूश झालो. शेजारच्या वर्गावर साळवेबाई होत्या. त्या मूळच्या श्रीरामपूरच्या. वडील रेल्वेत सिग्नलवर होते. मिरजगावात येऊन त्यांना दोन वर्षे झाली होती. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि एका मुलीला म्हणाल्या, "एकोणपन्नासला इंग्रजीत काय म्हणशील गं?"

मुलगी धिटाईने म्हणाली, "फिफ्टी-नाईन."

बाई माझ्याकडे वळल्या. "तिनं पन्नास ऐकलं, म्हणून फिफ्टी म्हणाली. आपल्या एकोणपन्नासात पन्नास नसतात, हे तुम्ही तिला सांगितलंच नाही. गुरुजी, तुम्ही आकडे शिकवत होता की भजन?"

मला अपमान वाटला. दुपारी डबा खाताना त्यांनी आपल्या डब्यातली मेथीची भाजी माझ्यापुढे सरकवली आणि खडू घेऊन फरशीवरच समजावले. आपण पंचवीस म्हणताना पाच आधी बोलतो, इंग्रजीत वीस आधी येतात; थर्टीन आणि थर्टी यांत मुलांची जीभ कुठे घसरते; साडे, सव्वा, पावणे हे आपले एकेक शब्द, तर तिकडे त्यासाठी तीन-तीन शब्द लागतात. इतके सोपे मला प्रशिक्षण विद्यालयात कुणी सांगितले नव्हते.

आता मुख्य घटनेकडे येतो. ती मी आजवर जाहीरपणे सांगितलेली नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात बाई आईच्या आजारपणासाठी आठवडाभर श्रीरामपूरला गेल्या होत्या. एका दुपारी कमल शिंदे नावाची तरुण सून सासूला घेऊन शाळेत आली. सासू हौसाबाई. तिचा मुलगा सोपान फौजेत होता. लग्नाला वर्ष झाले नव्हते तोच त्याला परत जावे लागले होते. कमलच्या हातात तार होती. पोस्टमनने ती दिली, पण वाचता त्यालाही येत नव्हती. तारा तेव्हा इंग्रजीतच यायच्या.

मुख्याध्यापकांनी चष्मा लावून मोठ्याने वाचले, "पासिंग नगर स्टेशन थर्टीन मॉर्निंग क्वार्टर टू टेन, सोपान." मग अर्थ सांगितला, "तेरा तारखेला सकाळी सोपानची गाडी नगर स्टेशनावरून जाणार आहे. क्वार्टर म्हणजे पाव, टेन म्हणजे दहा. सव्वादहा."

मी तिथेच हजेरीपत्रक भरत बसलो होतो. मला ते खटकले. 'टू' म्हणजे अजून व्हायचे, हे बाईंनी फरशीवर खडूने काढून दाखवलेले मला आठवत होते. मी मान वर केली. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली. नवी नोकरी, वरिष्ठ माणूस, आणि आपलेच चुकत असेल तर? एवढ्या कारणांवर मी गप्प बसलो. 'नक्की का, सर?' एवढे विचारायलाही माझे तोंड उघडले नाही.

मिरजगावहून नगरला पोचायला एस.टी.ला दोन तास लागत. सातची गाडी होती आणि आठची होती. सव्वादहासाठी आठची पुरेशी होती. दोघी आठच्या गाडीने निघाल्या. कमलने गुळाच्या पोळ्या फडक्यात बांधून घेतल्या होत्या. स्टेशनावर पोचल्या तेव्हा दहा वाजून गेले होते. अजून वेळ आहे म्हणून दोघी नळावर तोंड धुवून, पदर नीट करून उभ्या राहिल्या. साडेदहा झाले तेव्हा हौसाबाईंनी एका हमालाला विचारले. तो म्हणाला, "मिलिटरीची गाडी? ती कवाच गेली, आजी. पावनेधाला आली, धा मिंटं हुबी हुती. एक जवान दारात हुबा राहून सारखा इचारत हुता, मिरजगावचं कुनी हाय का म्हनून."

डिसेंबरात लढाई सुरू झाली. सोपान परत आला नाही. त्याच्या मृत्यूचीही तार इंग्रजीतच आली. ती साळवेबाईंनी वाचली. वाचून झाल्यावर त्या हौसाबाईंजवळ जमिनीवर बसल्या, आणि तिथे कमलच्या तोंडून त्यांना पहिल्या तारेची हकीकत कळली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला पिंपळाच्या पारावर गाठले. "तुम्ही तिथं होता?"

"होतो."

"तुम्हाला कळलं होतं?"

मी खोटे बोलू शकलो असतो. म्हणालो, "शंका आली होती."

बाईंचा चेहरा मी आजही विसरलेलो नाही. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "मुख्याध्यापकांची चूक झाली. येत नसताना येतं म्हणायची खोड. पण तुम्हाला येत होतं, गुरुजी. मी तुम्हाला माफ करणार नाही. उद्या पाच वाजता शाळेच्या ओट्यावर या. गावातल्या बायकांना आकडे, तारखा आणि घड्याळ शिकवायचं आहे. इंग्रजीतलं. एकीलाही पुन्हा दुसऱ्याच्या तोंडाकडं बघायला लागता कामा नये."

मी गेलो. त्यानंतर एकही दिवस चुकवला नाही. माझ्यावर त्यांनी केलेली सर्वांत मोठी कृपा कोणती, असे कुणी विचारले तर मी हीच सांगेन. त्यांनी मला माफ केले नाही, कामाला लावले.

पहिल्या दिवशी चार बायका आल्या, महिन्याभरात एकवीस झाल्या. शाळेतले भिंतीवरचे घड्याळ खाली काढायला मुख्याध्यापकांनी नकार दिला. बाईंनी चहाच्या खोक्याची फळी सुताराकडून गोल कापून घेतली आणि बांबूच्या दोन काड्यांचे काटे खिळ्यावर बसवले. उजवी बाजू 'पास्ट', म्हणजे होऊन गेले. डावी बाजू 'टू', म्हणजे व्हायचे आहेत. फळी दोन रंगांत रंगवली. कमल पहिले आठ दिवस डाव्या बाजूकडे बघतसुद्धा नसे. बाईंनी तिच्यावर जबरदस्ती केली नाही. नवव्या दिवशी तिने स्वतःच काटा नवावर नेऊन ठेवला आणि म्हणाली, "बाई, ह्याला क्वार्टर टू म्हनायचं. मला म्हाईत हाय."

कुणी हसत, कुणी चिडत. एकदा पार्वतीबाई नावाच्या एक आजी वैतागून म्हणाल्या, "आमच्यात आदी पाच अन् मंग ईस. त्यांच्यात आदी ईस अन् मंग पाच. तारीख मातुर आदी अन् म्हयना मागून. ह्यांचं काय ठरल्यालं हाय का न्हाई?"

बाई म्हणाल्या, "त्यांचं त्यांनी ठरवलंय, आजी. आपल्याला कुणी विचारलं नव्हतं. म्हणून तर शिकायचं."

आणि गावाने काय केले? बाई ख्रिस्ती होत्या, एवढे पुरेसे झाले. मुख्याध्यापकांनी तालुक्याला लेखी तक्रार केली की, शाळेच्या इमारतीत बायका जमवून धर्मप्रचार चालतो. खाली गावातल्या सात प्रतिष्ठितांच्या सह्या होत्या. त्यांपैकी एकानेही ओट्यावर येऊन काय चालते ते पाहिले नव्हते.

फेब्रुवारीत चौकशीला शिक्षण खात्याचे अधिकारी आले. ओट्यावर खुर्ची टाकून बसले. शेजारी मुख्याध्यापक. समोर बायका. अधिकाऱ्यांनी हौसाबाईंना विचारले, "या बाई काय शिकवतात? येशूची गाणी?"

हौसाबाई उठल्या. कनवटीतून घडी पडून पडून फाटत आलेली तार काढली. बोट ठेवत, अडखळत, पण एकेक शब्द वाचला. "थर-टीन. तेरा. क्वार्टर. टू. टेन." मग मुख्याध्यापकांकडे वळून म्हणाल्या, "पावनेधा, गुरुजी. सव्वाधा न्हाई. तुमाला येत नव्हतं तर न्हाई म्हनायचं हुतं. म्या दुसऱ्याकडं गेले असते. माज्या लेकाला बघितलं असतं."

मुख्याध्यापक जमिनीकडे पाहत राहिले. आणि तेव्हा मी, तीन महिने उशिरा, उभा राहिलो. "साहेब, तार वाचली तेव्हा मी तिथे होतो. चुकीची सांगितली हे मला कळत होते. मी बोललो नाही. हे मी लिहून देतो." तिथेच लिहून दिले, खाली तारीख आणि वेळ घालून.

आपल्याला वाटेल की यानंतर न्याय झाला असेल. झाला तो असा: एप्रिलमध्ये बाईंची बदली जामखेडच्या बाजूला, एस.टी.ही न जाणाऱ्या एका वस्तीवर झाली. माझी वेतनवाढ रोखली गेली, ते माझे योग्यच झाले असे मी मानतो. मुख्याध्यापकांना काहीच झाले नाही. ते हौसाबाईंच्या घरी एकदाही गेले नाहीत. निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या सत्काराला तेच सातजण पुढे होते. त्या सातांपैकी दोघांचे चिरंजीव आज या गौरव समितीत आहेत आणि बाईंच्या कार्यपरिचयात त्यांनी या सगळ्याला 'काही गैरसमज' असे म्हटले आहे. हा गैरसमज नव्हता. तो खोटेपणा होता, सह्यांसकट केलेला. गौरव करायचाच असेल तर आधी तो शब्द खोडावा.

बाई बदलीच्या गावी गेल्या, तेव्हा फळीचे घड्याळ त्यांनी कमलकडे ठेवले. वर्ग बंद पडेल असे ज्यांना वाटले त्यांची निराशा झाली. कमलने सासूच्या अंगणात तो चालवला. पुढे ती सातवी पास झाली, परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि नगरच्या एका दवाखान्यात लागली. रुग्णाच्या नातेवाइकांना पुन्हा कधी यायचे ते ती कागदावर मराठीत लिहून देई, शिवाय त्यांच्याकडून तीनदा म्हणून घेई. बाईंनी जामखेडकडच्या वस्तीवर आणखी दोन वर्ग काढले. त्यांवरही तक्रारी झाल्या. बाईंनी त्यांची उत्तरे दिली नाहीत, शिकवत राहिल्या.

गेल्या महिन्यात मी श्रीरामपूरला त्यांच्याकडे गेलो होतो. पायांना सूज आहे, ऐकायला कमी येते. दारात पोचलो तेव्हा आतून त्यांचाच आवाज येत होता. कोपऱ्यावरच्या औषधविक्रेत्याला बोलावून घेतले होते. मुदत संपलेली गोळ्यांची पट्टी त्याने शेजारच्या विडी कामगार बाईंना दिली होती. साळवेबाई त्या शेजारणीचे बोट धरून पट्टीवरचा महिना आणि साल वाचायला लावत होत्या, आणि तो मनुष्य घामाघूम होऊन उभा होता. मला पाहून म्हणाल्या, "बसा. आधी यांचं होऊ द्या."

बाई, आपल्याला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. आपले पाय बरे होवोत, डोळे आहेत तसेच राहोत, आणि शंभरी आपण आपल्या पायांनी गाठावी, ही मनापासून प्रार्थना. शांती लाभो असे मात्र मी म्हणणार नाही. ज्यांना वाचता येते आणि तरी जे गप्प बसतात, त्यांची या जिल्ह्यात अजून काही कमी नाही. आपण बऱ्या राहा, बाई, आणि त्यांना घाम फुटत राहू द्या.